सर्व्हिस सेंटरशी वाद: फोनवरचं बोलणं कागदावर कसं आणायचं

वॉरंटीतलं वॉशिंग मशीन तीनदा दुरुस्त झालं, तरी गळतंय. फोन केला की ‘दोन दिवसांत माणूस येईल.’ या टप्प्यावर वही उघडायची. ‘सगळं व्हॉट्सॲपवर आहेच की’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. निम्मं भांडण फोनवर झालेलं असतं आणि नेमकं तेच हवेत विरतं.

बांधीव वही घ्या, पानांना आधीच आकडे टाका. थर्मल कागदावरच्या बिलाची आजच झेरॉक्स काढा, कारण ते हळूहळू कोरं होतं. लॅमिनेशन मुळीच नको, उष्णतेने कागद काळा पडतो. सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा.

आता फोन. नोंद फोन ठेवल्या ठेवल्या करायची, रात्री निवांत बसून नाही. ती अशी दिसावी:

‘१२ जून २०२५, सकाळी ११.२०, टोल फ्री नंबर, ९ मिनिटं. नाव विचारलं, सांगितलं नाही. तक्रार क्रमांक दिला. ड्रेन पंप १६ तारखेपर्यंत बदलून देऊ म्हणाले. पैसे लागणार नाहीत असंही म्हणाले.’

‘उर्मट’, ‘फसवे’ असले शब्द नकोत. समोरचा जे बोलला तेच लिहा, शक्यतो त्याच्याच शब्दांत. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा. व्हाइटनर लावलेल्या नोंदीवर कुणाचाही संशय जातो. नोंद राहून गेली असेल तर मागची तारीख टाकून घुसडू नका, ‘१५ जूनला आठवून लिहिलं’ असं सरळ लिहा. एकाच शाईत, एका दमात लिहिलेल्या महिनाभराच्या नोंदी ओळखू येतात आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

एवढं करूनही वही म्हणजे तुमचंच म्हणणं. म्हणून तासाभरात कंपनीला ईमेल करा: ‘आज ११.२० च्या फोनवर आपण १६ जूनपर्यंत ड्रेन पंप विनामूल्य बदलून देण्याचं कबूल केलंत. यात काही चूक असल्यास कळवावे.’ तक्रार क्रमांक विषयात टाका. उत्तर बहुधा येत नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, पण ‘असं काही बोलणंच झालं नाही’ हे सहा महिन्यांनी म्हणणं त्यांना जड जातं. हा ईमेल टाळलात, तर वहीचा अर्धा उपयोग गेला.

टेक्निशियन आला की दुसरा सापळा: ओटीपी. तो दिला की तक्रार ‘क्लोज’, मशीन गळत का असेना. एक पूर्ण सायकल चालवून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका. जॉब शीटवर, म्हणजे टेक्निशियनच्या कामाच्या कागदावर, सही करायचीच असेल तर वर ‘गळती सुरूच’ लिहून करा आणि जागेवरच फोटो घ्या.

व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि पूर्ण नंबर दिसला पाहिजे. ‘फ्रिजवाला’ नावाने सेव्ह केलेला माणूस कोण, हे कुणाला कळणार? मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बंद करा. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, पण मूळ चॅट आणि फोनही जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही येते, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा-अक्षरांचा ठसा. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवलेले नकोत; त्यात फाइल दाबली जाते आणि फोटो कधी काढला ही माहिती गळून पडते.

मूळ कागद कुणालाही देऊ नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, तक्रार केलीत तर तिचा क्रमांकही वहीतच टाका. पण त्यामुळे किंवा ‘बघतो, करतो’ने मुदत वाढत नाही. ग्राहक आयोगात जायला वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं मिळतात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ती २ वर्षं संपण्याची तारीख काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.