जुना मदरबोर्ड, नवं कार्ड : कार्ड चालत नसेल तर दोष कसा शोधायचा

जुन्या मदरबोर्डात यूएसबी, नेटवर्क किंवा ग्राफिक्सचं कार्ड बसवलं आणि ते चाललं नाही, की दोनपैकी एक निकाल पटकन लावला जातो: कार्ड खराब आहे, नाहीतर बोर्डाचं वय झालं. पुष्कळदा दोन्ही धडधाकट असतात. त्यांचं बिनसलेलं असतं ते एका नेमक्या जागी, आणि ती जागा शोधता येते.

कामाला लागण्याआधी कार्डाला चार टप्पे पार करावे लागतात. स्लॉटमध्ये नीट बसून वीज मिळाली पाहिजे, बायोसने (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामने) त्याला ओळखलं पाहिजे, ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला मेमरीतली जागा आणि इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधण्याची ओळ) दिला पाहिजे आणि शेवटी ड्रायव्हरने त्याला चालवलं पाहिजे. पहिल्या टप्प्यावर अडकलेल्या कार्डासाठी कितीही ड्रायव्हर उतरवून घेतले तरी उपयोग नसतो, आणि लोकांचा सगळ्यात जास्त वेळ नेमका तिथेच जातो. म्हणून खालचा क्रम मोडू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पायरी १ : स्लॉट आणि कार्ड ओळखा

बोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव आणि शेजारचा रिव्हिजन क्रमांक, दोन्ही लिहून घ्या. एकाच नावाच्या दोन रिव्हिजनमध्ये स्लॉटची जोडणी किंवा बायोसची फाइल वेगळी असू शकते. मग निर्मात्याच्या साइटवरून मॅन्युअल घ्या आणि स्लॉटच्या तक्त्याखालच्या बारीक टायपातल्या टिपा वाचा. ‘हा स्लॉट वापरल्यास ते दोन एक्स१ स्लॉट बंद होतात’ किंवा ‘एम.२ भरल्यावर साटाचे अमुक पोर्ट चालणार नाहीत’ अशी वाक्यं तिथेच असतात (एम.२ आणि साटा म्हणजे डिस्क जोडण्याच्या जागा). कार्ड ‘गायब’ होण्याची कितीतरी प्रकरणं या एका टिपेवर मिटतात.

पीसीआय एक्स्प्रेस २००३ साली आलं, २.० ही आवृत्ती २००७ची आणि ३.० ही २०१०ची. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये कमी वेगाने चालावं, अशीच त्याची रचना आहे. एका लेनमधून (माहिती वाहणाऱ्या एका वाटेतून; एक्स१, एक्स४, एक्स१६ हे लेनचेच आकडे) पहिल्या आवृत्तीत सेकंदाला २५० मेगाबाइट जातात, दुसऱ्या आवृत्तीत ५००. त्यामुळे गिगाबिट नेटवर्क कार्डाला (त्याची गरज १२५ मेगाबाइटची) जुना एक्स१ स्लॉट पुरून उरतो. यूएसबी ३.० चं कार्ड मात्र त्याच स्लॉटमध्ये निम्म्या वेगावर अडतं. तो दोष नव्हे, स्लॉटची मर्यादा आहे.

लांब स्लॉट दिसला म्हणून तो पूर्ण एक्स१६ असेलच असं नाही. टॉर्च मारून स्लॉटच्या आत बघा. धातूच्या पिना अर्ध्यावर किंवा चौथाईवर संपून पुढे नुसतं प्लास्टिक असेल, तर तो एक्स८ किंवा एक्स४ आहे. आणखी एक गोम: काही जुन्या बोर्डांत मुख्य एक्स१६ स्लॉट फक्त ग्राफिक्स कार्डासाठी धरलेला असतो. तिथे दुसरं कार्ड घातलं तर बोर्डवरचं ग्राफिक्स बंद पडतं आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी दुसरा स्लॉट वापरा.

साध्या, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या आधीच्या, पीसीआय कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांमधल्या खाचा बघा. ब्रॅकेटपासून (कॅबिनेटला स्क्रूने लागणाऱ्या धातूच्या पट्टीपासून) लांबच्या टोकाची खाच म्हणजे ५ व्होल्टचं कार्ड, ब्रॅकेटजवळची म्हणजे ३.३ व्होल्टचं, आणि दोन्ही असतील तर ते दोन्ही प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतं. इथे एक बारकावा हमखास निसटतो. खाच सांगते ती सिग्नलच्या व्होल्टेजबद्दल, पुरवठ्याबद्दल नाही. जुन्या एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायवर चालणाऱ्या अनेक बोर्डांच्या पीसीआय स्लॉटला ३.३ व्होल्टचा पुरवठाच नसतो. दोन्ही खाचा असलेलं नवं कार्ड तिथे छान बसतं, पण त्याच्या चिपला लागणारी वीजच मिळत नाही, म्हणून बायोसला ते दिसत नाही. मल्टिमीटर असेल तर स्लॉटवर मोजून खात्री करता येते. पुरवठा नसेल तर ५ व्होल्टवर चालणारं जुनं कार्ड शोधावं.

एजीपीच्या (जुन्या ग्राफिक्स स्लॉटच्या) बाबतीत मात्र प्रयोग करू नका. मूळ एजीपी ३.३ व्होल्टचं होतं, पुढे ते १.५ व्होल्टवर आलं. खाच चुकीच्या जागी कापलेली काही कार्डं बाजारात आली होती. १.५ व्होल्टच्या बोर्डात ३.३ व्होल्टचं कार्ड गेलं तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. दोघांचं व्होल्टेज कागदावर पाहिल्याशिवाय मशीन चालू करू नका.

पायरी २ : स्वच्छता, बैठक, वीज

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्लॉटमधली धूळ ब्रशने किंवा दाबाच्या हवेने काढा. कार्ड सरळ दाबून बसवा आणि ब्रॅकेटचा स्क्रू आवळताना लक्ष ठेवा: जुन्या किंवा वाकलेल्या कॅबिनेटमध्ये स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून थोडं वर उचललं जातं. स्क्रू न लावता कार्ड चालतंय आणि लावल्यावर बंद पडतंय, तर दोष ब्रॅकेटचा आहे. तो किंचित वाकवून घ्या.

आता वीज. एक्स१६ स्लॉटमधून ग्राफिक्स कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची वायर आणखी ७५ देते, आठ पिनांची १५०. जुन्या पॉवर सप्लायची ताकद बरेचदा ५ व्होल्टच्या बाजूला असते आणि आजची कार्डं सगळा भार १२ व्होल्टवर टाकतात. लेबलवर १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा बघा आणि १२ ने गुणा. १४ अँपिअर असेल तर १६८ वॅट होतात, आणि त्यातच प्रोसेसर आणि डिस्कही चालवायच्या असतात. डब्यावरच्या मोठ्या ‘४५० वॅट’पेक्षा मी या आकड्यावर विसंबतो. यूएसबी कार्डावर वेगळा वीजजोड दिला असेल तर तोही लावा. तो मोकळा ठेवला की कार्ड दिसतं, पण पेनड्राइव्ह लावताच गळपटतं.

पायरी ३ : बायोस

चालू करून बीप ऐका. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ बॅटरी आधी बदला, नाहीतर केलेल्या सेटिंग टिकणार नाहीत. मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जंपरने सीमॉस (बायोसच्या सेटिंग साठवणारी मेमरी) साफ करा. जुन्या बोर्डांत आधीच्या कार्डांची नोंद साठलेली असते. ‘रीसेट कॉन्फिगरेशन डेटा’ असा पर्याय असेल तर तो एकदा चालू करा.

ग्राफिक्स कार्ड असेल तर ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ किंवा ‘प्रायमरी डिस्प्ले’ हा पर्याय त्याच्या स्लॉटवर ठेवा. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) आणि जुन्या बायोसचा तिढा इथेच येतो. काही नव्या ग्राफिक्स कार्डांत फक्त यूईएफआयसाठीचा प्रोग्राम असतो, त्यामुळे जुन्या बायोसच्या बोर्डवर ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंत पडदा काळा राहतो. उलट, खूप जुनं कार्ड यूईएफआय बोर्डात घातलं तर सीएसएम (जुन्या बायोससारखं वागण्याची सोय) चालू ठेवावं लागतं. इंटेलची आर्क कार्डं जुन्या मशीनसाठी घेऊच नयेत असं माझं मत आहे. त्यांना रिसाइझेबल बार (ग्राफिक्सची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम दिसण्याची सोय) लागतं, आणि जुन्या बोर्डांत ते सहसा नसतं.

रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) किंवा साटा कार्ड घातल्यावर मशीन सुरुवातीलाच अडकत असेल तर ऑप्शन रॉमकडे, म्हणजे कार्डावरच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्रामकडे, बघा. पारंपरिक बायोसमध्ये सगळ्या कार्डांच्या रॉमसाठी मिळून १२८ किलोबाइटची जागा असते आणि त्यातला मोठा वाटा ग्राफिक्स घेतं. बोर्डवरच्या नेटवर्कमधून बूट होण्याची सोय बंद केली की जागा मोकळी होते. त्या कार्डावरून बूट करायचं नसेल तर त्याचाच रॉम बंद करा.

एवढं करूनही अडलं तर बायोस अपडेट. पीसीआय एक्स्प्रेसच्या अगदी पहिल्या, १.०ए काळातल्या काही बोर्डांवर २.० आणि पुढची काही कार्डं दिसतच नाहीत. तिथे अपडेट हा जवळजवळ एकमेव उपाय, आणि तो प्रत्येक बोर्डसाठी निघालेला नाही. अपडेट करताना रिव्हिजन क्रमांक पुन्हा जुळवा आणि वीज जाणार नाही याची व्यवस्था करा.

एनव्हीएमई अडॅप्टर : सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न

एक्स४ अडॅप्टरमध्ये एनव्हीएमई (थेट पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी) एसएसडी घातली, विंडोजमध्ये ती दिसते, पण बूटच्या यादीत येत नाही. अडॅप्टर बदलून हे सुटत नाही, कारण त्यावर बहुधा चिपच नसते, नुसती जोडणी असते. बोर्डच्या बायोसमध्ये एनव्हीएमईवरून बूट करण्याचा प्रोग्रामच नाही, ही खरी अडचण. आधी बायोसची नवी आवृत्ती बघा. नसेल तर एनव्हीएमई ओळखणारा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) छोट्या साटा डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा आणि विंडोज एसएसडीवर. यूईएफआय नसलेल्या बोर्डसाठी क्लोव्हर हा बूटलोडर वापरला जातो. विंडोज ७ला एनव्हीएमईसाठी वेगळा हॉटफिक्स लागतो, ८.१पासून ती सोय आतच आहे. आणि वेगाबद्दल निराश होऊ नका: पहिल्या आवृत्तीच्या एक्स४ स्लॉटमधूनही कागदोपत्री १००० मेगाबाइट जातात, साटाच्या सुमारे ६००पेक्षा जास्तच.

पायरी ४ : ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजर उघडा. कार्ड पिवळ्या खुणेसह दिसत असेल तर आनंदाची गोष्ट आहे, पहिले दोन टप्पे पार झाले. प्रॉपर्टीजमधला कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. १० म्हणजे कार्ड सुरू होऊ शकलं नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही तपासता आली नाही. विंडोज ७वर हा दिसला तर एसएचए-२ सह्यांसाठीची अपडेट टाकलेली आहे का बघा. १२ म्हणजे कार्डाला द्यायला मेमरीच्या पत्त्यांची मोकळी जागा उरली नाही. तिथे न वापरलेले सिरियल आणि पॅरलल पोर्ट बायोसमध्ये बंद करा, दुसरी कार्डं तात्पुरती काढा, आणि ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा पर्याय असेल तर चालू करा. ३२ बिटच्या विंडोजवर ही टंचाई जास्त जाणवते.

‘अननोन डिव्हाइस’ दिसलं तर डिटेल्समधला हार्डवेअर आयडी घ्या. पहिले चार आकडे निर्मात्याचे: ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. पुढचे चार चिपचे. कार्डाच्या खोक्यावरच्या नावापेक्षा या चिपच्या नावाने ड्रायव्हर शोधा.

आवाज तुटणं किंवा मशीन अधूनमधून गोठणं हे बहुधा इंटरप्ट वाटून घेण्याचं भांडण असतं. जुन्या बोर्डांत एजीपीशेजारचा पहिला पीसीआय स्लॉट ग्राफिक्सबरोबर इंटरप्ट वाटून घेतो, म्हणून साउंड कार्ड तिथून हलवा. आयएसए (पीसीआयच्याही आधीच्या स्लॉटच्या) साउंड कार्डासाठी इंटरप्ट ५ आणि डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीची वाट) १ बायोसमध्ये ‘लेगसी आयएसए’ म्हणून राखून ठेवा.

पायरी ५ : लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून साक्ष

माझ्या मते सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि ती फार कमी लोक करतात. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, टर्मिनलमध्ये ‘सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही’ (sudo lspci -vv) ही आज्ञा द्या. यादीत कार्ड असेल तर बोर्डने ते ओळखलंय, म्हणजे विंडोजमधली अडचण ड्रायव्हरची किंवा पत्त्यांच्या जागेची. यादीत नसेल तर पहिल्या तीन पायऱ्यांकडे परत जा.

कार्डाच्या तपशिलात ‘एलएनकेकॅप’ (LnkCap) आणि ‘एलएनकेएसटीए’ (LnkSta) अशा दोन ओळी असतात. पहिली सांगते कार्डाला काय जमतं, दुसरी सांगते प्रत्यक्षात काय चाललंय. स्पीड २.५ म्हणजे पहिली आवृत्ती, ५ म्हणजे दुसरी, ८ म्हणजे तिसरी. विड्थ एक्स४च्या जागी एक्स१ दिसत असेल तर पट्ट्या पुन्हा पुसा आणि स्लॉट बदला. ग्राफिक्स कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला स्वतःहून २.५वर उतरतं, त्याला दोष समजू नका.

एक चिवट प्रकरण : सर्व्हरमधलं रेड कार्ड

सर्व्हरमधून काढलेलं रेड कार्ड साध्या बोर्डात घातलं की कधीकधी मशीन सुरूच होत नाही, किंवा रॅम कमी दिसते. कार्डाच्या एसएमबस (बोर्डवरच्या भागांमधला छोट्या निरोपांचा मार्ग) पिना बोर्डच्या एसएमबसमध्ये गोंधळ घालतात, हे त्यामागचं नेहमीचं कारण. उपाय असा: कार्डाची चिप असलेली बाजू वर धरा, ब्रॅकेटच्या टोकापासून सोनेरी पट्ट्या मोजा, आणि फक्त पाचवी आणि सहावी पट्टी उष्णतेला टिकणाऱ्या पातळ कॅप्टॉन (Kapton) टेपने झाका. आठवी पट्टी ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याची आहे, टेप तिथवर जाता कामा नये. कार्ड स्लॉटमध्ये सरकवताना टेप गोळा होत नाही ना, हे एकदा बाहेर काढून बघा.

थांबायचं कधी

नवं कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये चालवून बघा, आणि त्याच स्लॉटमध्ये चालत असल्याची खात्री असलेलं जुनं कार्ड लावून बघा. दोन्ही चालली, बायोस शेवटच्या आवृत्तीचं आहे, आणि तरीही लिनक्सच्या यादीत नवं कार्ड येत नाही, तर ही जोडी जमणार नाही. कार्ड परत करायची मुदत उलटायच्या आत हा निर्णय घ्या आणि त्याच कामाचं, पण बोर्डच्या काळाच्या जवळच्या चिपचं कार्ड घ्या. मागवण्याआधी त्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी अजून उतरवता येतो का, तेवढं तपासून घ्या.