बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद? हृदयाच्या औषधांबाबत या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं: "बीपी आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" बीपी नॉर्मल आलंय ते गोळी चालू असताना, हे मात्र लक्षात घेतलं जात नाही. रक्तदाबाच्या गोळ्या अँटिबायोटिकसारख्या पाच दिवसांत रोग संपवून मोकळ्या होत नाहीत. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरलं की त्या आवळतात. ॲम्लोडिपिन ही वाट अडवते आणि वाहिन्या सैल पडतात. टेल्मिसार्टन वेगळ्या ठिकाणी काम करते. अँजिओटेन्सिन नावाचं रसायन वाहिन्या आवळतं आणि शरीराला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, त्याचा परिणाम ती रोखते. दोन्हींचं काम गोळी पोटात जाते तोवरच चालतं.

फसगत होते ती इथेच. ॲम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस बीपी बरं दिसतं, "बघा, गोळीवाचून चाललंय" असं वाटतं, आणि मग ते हळूहळू चढतं. चढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून कळतही नाही. याच्या उलटंही घडतं. गोळी सुरू करून तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून डॉक्टर बदलले जातात, पण पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो.

"सवय लागेल" ही भीतीही फार खोल रुजलेली आहे. ही सवय व्यसनाची नव्हे. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं नियमित झालं तर डोस खाली येऊ शकतो, काहींची गोळी सुटतेही. ते डॉक्टरांनी पायरीपायरीने ठरवायचं असतं.

अचानक थांबवू नयेत अशा गोळ्या

मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या ॲड्रेनलिनचा हृदयावरचा मारा कमी करतात, ठोके मंद ठेवतात. रोज अडवलं गेल्यामुळे शरीर त्या ॲड्रेनलिनला जास्त संवेदनशील होऊन बसतं. गोळी एकदम बंद झाली की ठोके धावतात, छातीत दुखू शकतं, आधीच हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. म्हणून ती साधारण एक-दोन आठवड्यांत उतरवत आणतात. क्लोनिडिन ही बीपीची गोळी बंद केल्यावर तर एक-दोन दिवसांतच बीपी उसळतं. लग्नासाठी गावी गेलं किंवा वारीला निघालं आणि पट्टी वाटेत संपली, असं नेहमी होतं. निघण्याआधी पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठीचा फोटो सोबत ठेवा.

स्टेंट बसवलेल्यांनी आणखी काळजी घ्यायची. स्टेंट ही धातूची जाळी असते. तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्स तिला चिकटून गुठळी होण्याचा धोका राहतो. म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या काही महिने, बहुधा ६ ते १२, दिल्या जातात. दात काढायचाय म्हणून स्वतःहून त्या बंद करणं घातक आहे. दाताच्या डॉक्टरांना स्टेंटबद्दल सांगा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच दात काढता येतो. याउलट कोणताही हृदयविकार नसताना शेजाऱ्याचं पाहून रोज ॲस्पिरिन सुरू करू नका. साठीनंतर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा ठरू शकतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळीचंही तसंच. ॲटोर्व्हास्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनणं रोखते, मग यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं. रिपोर्ट चांगला आला तो त्यामुळे. गोळी सोडली तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी जातो.

जिभेखालची गोळी

सॉर्बिट्रेट छातीतल्या दुखण्यासाठी आहे, बीपी उतरवण्यासाठी नाही. ती ठेवताना बसून राहा, कारण वाहिन्या एकदम सैल होऊन चक्कर येते. बीपी आधीच कमी असेल तर ती देऊ नका. लैंगिक ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांत आणि त्याच कामाची टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तासांत सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी जीवघेणं कोसळू शकतं. ही गोष्ट संकोचाने लपवली जाते, पण इमर्जन्सीत डॉक्टरांना ती सांगायलाच हवी. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ लावा. घरात दुसरी-तिसरी गोळी ठेवत वाट पाहू नका.

निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल टोचून तिचे थेंब जिभेखाली टाकण्याची जुनी पद्धत पूर्णपणे सोडून द्या. बीपी इतकं झपाट्याने पडतं की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात किंवा झटका येऊ शकतो. वरचं बीपी १९० दिसलं आणि कसलाही त्रास नसेल, तर शांत बसून पुन्हा मोजा, आजची गोळी राहिली होती का ते पाहा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं यातलं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

दुष्परिणामाला नवा आजार समजणं

ॲम्लोडिपिनने घोट्याशी सूज येऊ शकते. लोक घाबरून किडनीच्या तपासण्या करतात, किंवा वर लघवीची गोळी सुरू होते. ही सूज वाहिन्या रुंदावून पाणी बाहेर झिरपल्याची असते, लघवीच्या गोळीने ती फारशी हलत नाही. डोस कमी करणं किंवा गोळी बदलणं हा उपाय. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो आणि माणूस महिनोन्महिने सिरप पीत राहतो. डॉक्टरांनी गोळी बदलली की तो काही आठवड्यांत जातो. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

गुडघेदुखीच्या गोळ्यांकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचंय. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन शरीरात मीठ-पाणी साठवतात, बीपी वाढवतात, हृदय कमजोर असेल तर धाप वाढवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी आधीच चालू असताना त्यांची भर पडली, तर किडनीवर तिहेरी ताण येतो. उलट्या-जुलाबांत तर फारच. मेडिकलमध्ये पेनकिलर मागताना बीपीची गोळी चालू असल्याचं आधी सांगा. बहुतेकांना मर्यादेत पॅरासिटामॉल चालतं.

मिठाबद्दलही एक गैरसमज आहे. सैंधवातही सोडियम भरपूर असतं, ते बीपीला चालतं असं नाही. आणि पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल घेणाऱ्याने न विचारता वापरू नये, रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात.

रक्त पातळ करणारी गोळी आणि पालेभाजी

कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम आयुष्यभर लागते. या गोळ्या के जीवनसत्त्वाच्या आधारे होणारी गुठळीची प्रक्रिया मंदावतात. पालक, मेथी यात ते भरपूर असतं, म्हणून भाजीच सोडली जाते. भाजी खा, पण प्रमाण साधारण सारखं ठेवा. श्रावणात रोज पालेभाजी आणि नंतर महिनाभर काहीच नाही, असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर-खाली होतो. अँटिबायोटिक किंवा नवा काढा सुरू करण्याआधी विचारा. बाळाचा विचार असेल तर या गोळ्या, टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशा सार्टन आणि प्रिल गटातल्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला.

नाव वेगळं, गोळी तीच

दोन डॉक्टरांकडून दोन ब्रँड आले आणि दोन्हीत टेल्मिसार्टनच निघालं, असं होतं. नावापुढे एएम असेल तर बहुधा ॲम्लोडिपिन जोडलेलं असतं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवीची गोळी. पट्टीवर ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा, किंवा काउंटरवर वाचून घ्या.

एखादी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम मात्र कधीच नाही.