स्कूटर सुरू होत नसेल तर दोष कसा शोधावा

सेल्फचे बटण दाबल्यावर इंजिन फिरते आहे की नाही, हे आधी कान देऊन ठरवावे. इंजिन फिरतच नसेल तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा असतो; ते फिरूनही पेट घेत नसेल तर तो पेट्रोल, ठिणगी किंवा हवा यांपैकी कशात तरी असतो. एवढे न ठरवता थेट स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) खोलायला बसण्यात अर्थ नाही.

इंजिन फिरत नसेल तर किल स्विच (इंजिन बंद करणारे बटण) बंद स्थितीत किंवा साइड स्टँड खाली राहिलेले नाही ना, ते पाहावे. बहुतेक स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याखेरीज सेल्फ चालत नाही. म्हणून ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का ते पाहावे, कारण तो लागत नसल्यास ब्रेकचा स्विचच बिघडलेला असू शकतो. नुसता ‘टक टक’ आवाज येत असेल आणि हॉर्न क्षीण वाजत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल अथवा गंजलेली आहेत. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजण्याच्या उपकरणावर) सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. फ्यूज जळाला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तार गुंडाळून काम भागवणे धोक्याचे आहे. किक असेल तर ती मारून पाहावी, मात्र गियरलेस स्कूटर ढकलण्याचे श्रम घेऊ नयेत, कारण सेंट्रिफ्यूगल क्लचमुळे (इंजिन वेगाने फिरल्यावरच ते चाकाशी जोडणाऱ्या भागामुळे) चाक फिरले तरी इंजिन फिरत नाही.

इंजिन फिरत असेल तर टाकी उघडून पेट्रोल डोळ्यांनी पाहावे. काट्यावर विसंबू नये. इंजेक्शनच्या (पंपाने पेट्रोल फवारणाऱ्या) स्कूटरमध्ये चावी फिरवताच पंपाची घरघर क्षणभर ऐकू येते; ती येत नसेल तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासावा लागेल. कार्बोरेटरच्या (हवेच्या ओढीने पेट्रोल घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) गार इंजिनाला चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ, लागतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर मात्र ओव्हरफ्लो झाला आहे, म्हणजे इंजिनात जादा पेट्रोल गेले आहे, असे समजून चोक बंद ठेवावा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून काही किका माराव्यात.

यानंतर प्लगकडे वळावे, कारण आतली हकीकत तोच सांगतो. इंजिन गार झाल्यावर प्लगभोवतीची धूळ पुसून, मगच तो पान्याने काढावा. टोक ओले असेल तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही. बराच वेळ किक मारूनही ते कोरडे असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. कोरडी काळी काजळी दिसली तर एअर फिल्टर तुंबल्याची शक्यता धरावी. ठिणगी पाहण्यासाठी प्लग पुन्हा कॅपमध्ये (त्याला वीज देणाऱ्या तारेच्या टोपणात) बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि कॅपला हात न लावता दुसऱ्याकडून सेल्फ मारून घ्यावा. प्लगच्या उघड्या भोकापासून हे लांब करावे आणि आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. निळसर, ठसठशीत ठिणगी चांगली. पिवळट आणि तुटक असेल तर नवा प्लग लावून पाहावा. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवावेत, कारण इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले (प्लग बसतो त्या भागातले) आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या कितीतरी पट वाढतो.

पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असून किक नेहमीपेक्षा हलकी, रिकामी लागत असेल तर कॉम्प्रेशन (इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाणे) गेले असण्याचा संभव आहे. ते तपासण्याचे काम मेकॅनिककडे सोपवावे.