शस्त्रक्रियेविना चरबी कमी करण्याचा उपचार निवडताना या चुका टाळा

पोटावरची, कमरेच्या बाजूची किंवा हनुवटीखालची चरबी शस्त्रक्रियेविना घालवायची असे ठरले की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: कोणते यंत्र सर्वांत चांगले? माझ्या मते पहिली चूक इथेच होते. क्रायोलिपोलिसिस त्या जागी यंत्राचा थंड कप लावून चरबीच्या पेशी थंडीने मारते. लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओ लहरी) आणि अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरी) त्यांना उष्णतेने इजा करतात. डीऑक्सिकोलिक आम्लाचे इंजेक्शन त्यांचे आवरण फोडते. यांपैकी कोणता मार्ग योग्य, हे समोरचा फुगवटा कशाचा आहे यावरून ठरते, आणि ते तपासल्याशिवाय केलेली निवड म्हणजे अंधारात मारलेला दगड.

चिमटीत काय येते, ते आधी पाहा

आरशासमोर सैल उभे राहा, श्वास रोखून पोट आत ओढू नका, आणि बेंबीच्या बाजूची जागा अंगठा व बोटे यांच्या चिमटीत धरा. मऊ, जाड वळी सहज हाती आली तर ती त्वचेखालची चरबी आहे, आणि हे सर्व उपचार केवळ तिच्यासाठीच आहेत. पोट पुढे आलेले आहे, पण हाताला ताणलेले व घट्ट लागते आणि चिमटीत जेमतेम कातडी येते, अशी स्थिती असेल तर चरबी पोटाच्या पोकळीत, अवयवांभोवती साठलेली आहे. तिथवर यांपैकी कोणतेही यंत्र पोहोचत नाही. मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी अधिक निगडित असते ती हीच आतली चरबी. ती आहार, व्यायाम आणि गरज पडल्यास औषधोपचार यांनीच कमी होते.

चिमटीत आलेली घडी पातळ आणि सुरकुतलेली असेल, तर अडचण चरबीची नसून सैल त्वचेची आहे. अशा जागेवरची उरलीसुरली चरबीही काढली तर कातडी आणखी लोंबू लागते. रेडिओफ्रिक्वेन्सीने त्वचा थोडी आवळते, पण फार सैल त्वचेला तिचा उपयोग मर्यादित असतो. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर गेलेले असतात, ते चरबी समजून उपचार घेतले जातात, हेही नेहमीचेच. पाठीवर झोपून डोके किंचित उचलल्यावर मध्यरेषेवर लांबट उंचवटा दिसला, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. तो हर्निया असेल तर त्या जागी कप लावून थंड करणे टाळलेच पाहिजे. हनुवटीखालची सूजही प्रत्येक वेळी चरबीचीच असते असे नाही. तिथे लाळग्रंथी, लसिकाग्रंथी आणि थोडे खाली थायरॉइडही असते.

वजन घटवण्याचा उपाय समजणे

क्रायोलिपोलिसिसच्या एका सत्रात उपचार केलेल्या जागेचा चरबीचा थर साधारणपणे 20 ते 25 टक्के कमी होतो. चार सेंटीमीटरचा थर तीन सेंटीमीटरच्या आसपास येतो, असे धरा. कपड्यांच्या मापात हा फरक जाणवतो, वजनकाट्यावर मात्र जवळपास काहीच दिसत नाही. म्हणून हे उपचार ज्यांचे वजन आटोक्यात आहे, पण एखाद्या जागची चरबी व्यायामाने हटत नाही, त्यांच्यासाठी आहेत. बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 30 च्या वर असेल तर निराशा होण्याचीच शक्यता अधिक. मेलेल्या पेशी परत येत नाहीत हे खरे, पण शेजारी उरलेल्या पेशी वजन वाढले की फुगतातच.

यंत्र शरीरावर बसते का?

क्रायोलिपोलिसिसच्या बऱ्याच कपांमध्ये चरबी शोषून आत ओढली जाते, त्यामुळे सपाट, घट्ट जागेवर असा कप नीट धरत नाही. अशा वेळी सपाट पृष्ठभागाचे उपकरण किंवा उष्णतेचा पर्याय विचारात घेता येतो. 1060 नॅनोमीटरचे लेझर चरबीचे तापमान 42 ते 47 अंश सेल्सिअसपर्यंत नेते आणि एक सत्र सुमारे 25 मिनिटांचे असते. केंद्रित अल्ट्रासाउंड एका बिंदूवर 55 अंशांपेक्षा अधिक उष्णता निर्माण करते, म्हणून ते अधिक दुखते. विद्युतचुंबकीय लहरींनी स्नायू आकुंचित करणाऱ्या यंत्राचा भर मुख्यतः स्नायूंवर असतो, हे लक्षात ठेवूनच त्याची निवड करावी.

स्वतःची प्रकृती लपवणे ही तर सरळ धोक्याची चूक आहे. क्रायोग्लोब्युलिनेमिया (थंडीत रक्तातील काही प्रथिने साकळणे), कोल्ड अॅग्लुटिनिन आजार (थंडीत रक्तातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून फुटणे) आणि थंडीमुळे लघवीतून हिमोग्लोबिन जाण्याचा विकार असलेल्यांनी क्रायोलिपोलिसिस घेऊ नये. थंड पाणी लागले की अंगावर पित्त उठत असेल किंवा बोटे पांढरी-निळी पडत असतील, तर न विचारताही सांगावे. पेसमेकर किंवा शरीरात धातूचे रोपण असेल तर रेडिओफ्रिक्वेन्सी आणि विद्युतचुंबकीय यंत्रे टाळावी लागतात. गरोदरपणात यांपैकी काहीही नको.

चरबी कमी होण्याऐवजी वाढली तर

हा परिणाम क्वचित दिसतो, पण याची कल्पना आधी न देणाऱ्या ठिकाणी मी कुणालाही उपचार घेऊ देणार नाही. क्रायोलिपोलिसिसनंतर काही महिन्यांनी, कप जिथे लावला होता नेमक्या त्याच आकाराचा, न दुखणारा, घट्ट उंचवटा तयार होतो. वैद्यकीय नियतकालिकात याची पहिली नोंद 2014 मध्ये झाली, आणि 2021 मध्ये मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी स्वतःचा अनुभव जाहीर केल्यावर तो जगभर माहीत झाला. ही सूज नव्हे, त्यामुळे ती आपोआप ओसरत नाही, आणि त्याच जागी पुन्हा गोठवणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. गाठ मऊ होईपर्यंत काही महिने थांबून बहुधा लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढण्याची शस्त्रक्रिया, करावे लागते. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा: असे झाले तर उपचार कोण करणार, आणि त्याचा खर्च कोणाचा?

याउलट, त्या जागेचा बधिरपणा, मुंग्या आणि निळसर डाग काही दिवस ते काही आठवडे राहिले तर घाबरण्याचे कारण नाही. फोड आले, त्वचा पांढरी व कडक पडली किंवा वेदना वाढत गेल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

इंजेक्शन कुठेही आणि कुणाकडूनही घेणे

डीऑक्सिकोलिक आम्लाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये मान्यता दिली, ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. जास्तीत जास्त सहा सत्रे, दोन सत्रांत किमान एक महिना अंतर. पोटावर किंवा दंडावर तेच टोचून घेणे म्हणजे त्या मान्यतेच्या बाहेर जाणे होय. हनुवटीखालीही सुई चुकीच्या जागी गेली तर जबड्याच्या कडेच्या नसेला इजा होऊन हसू एका बाजूला वाकडे होते, आणि गिळताना त्रास झाला तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ऑनलाइन मागवलेली ‘चरबी विरघळवणारी’ कुपी घरी टोचून घेतल्याने संसर्ग होतो, त्वचा मरते आणि कायमचे व्रण राहतात.

तिसऱ्या आठवड्यात निकाल लावणे

पेशी उपचाराच्या दिवशीच नाहीशा होत नाहीत. त्या हळूहळू मरतात आणि शरीरातील भक्षक पेशी त्यांचा निचरा करतात. याला दोन ते तीन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसत नाही म्हणून लगेच दुसरा उपचार घेतला, तर कशाने काय झाले हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही. याच कारणासाठी चार सत्रांचे पैसे आगाऊ भरून घेणाऱ्या पॅकेजपासून दूर राहावे. उपचाराआधी एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून, तेच कपडे घालून समोरून व बाजूने छायाचित्रे काढावीत, वजन आणि घेर यांची नोंद ठेवावी. दाखवल्या जाणाऱ्या ‘आधी-नंतर’ छायाचित्रांतही हेच पाहावे: फुगवट्याखालची सावली सारखी आहे का, विजारीचा पट्टा त्याच उंचीवर आहे का, कंबर किंचित वळवलेली तर नाही ना. बाराव्या आठवड्यात तीच छायाचित्रे आणि तीच मापे पुन्हा घ्यावीत. वजन तेवढेच असून घेरही तेवढाच राहिला असेल, तर दुसऱ्या सत्राचे पैसे भरण्यापूर्वी पुन्हा आरशासमोर उभे राहून ती जागा चिमटीत धरून पाहावी.