मंगळावरच्या नवऱ्याशी भांडण कसं लिहावं

माझी पहिली विज्ञानप्रेमकथा मावसबहिणीने चौथ्या पानावर मिटून ठेवली. नायिका साताऱ्यात, नवरा मंगळावर आणि दोघं फोनवर तावातावाने भांडताहेत. ती म्हणाली, "ताई, हा लगेच कसा उत्तर देतो गं?" मला वाटायचं, प्रेमकथेत हे कोण बघतंय! तिने बघितलं होतं आणि मग ते भांडणच तिला खोटं वाटायला लागलं.

तेव्हापासून माझी रीत अशी. यान कशावर चालतं यात तीन पानं घालवायची नाहीत. दोघांच्या मधे येणारी एकच गोष्ट निवडायची आणि तिचा हिशेब वहीत मांडायचा. माझ्या कथेत ती गोष्ट म्हणजे अंतर. मंगळावर संदेश पोचायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्याप्रमाणे, ३ ते २२ मिनिटं लागतात. उत्तर यायला पुन्हा तेवढीच. २०१४ च्या सप्टेंबरात आपलं मंगळयान कक्षेत शिरलं, ती खबरही इथे बाराएक मिनिटं उशिराच आली होती.

मग हा हिशेब संवादात मुरवा. माझी सायली रात्री साडेदहाला विचारते, "जेवलास का?" ओटा पुसते, विरजण लावते, अंथरुणावर पडते. "हो. तू?" येतं तेव्हा सव्वाअकरा होत आलेले असतात आणि तिला झोप लागलेली असते. भांडणात तर आणखी मजा. तिचं रागाचं वाक्य वाटेत असतानाच त्याची माफी इकडे येऊन थडकते. आता ते वाक्य माघारी कसं बोलवणार?

असे प्रसंग वहीतच सापडतात. मंगळाचा दिवस आपल्याहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा, म्हणून दोघांच्या रात्री रोज सरकत जातात आणि साधारण ३७ दिवसांनी पुन्हा जुळतात. दर २६ महिन्यांनी सूर्य मधे येतो, तेव्हा तिथल्या यानांना आज्ञा पाठवणं दोनेक आठवडे थांबवतात. एवढा विरह फुकटात मिळतोय, घ्या की!

बाकीचं सैल सोडा. तिथे पाणी कुठून येतं ते मी सांगितलं नाही, बहिणीनेही विचारलं नाही. मात्र दोघांना भेटवायची घाई झाली म्हणून आपलाच नियम मोडू नका. मी मोडला होता, "तेवढ्यात नवीन तंत्रज्ञान आलं" असं एका ओळीत. ती ओळ खोडली. आता शेवटी सायली "ये ना परत" एवढंच पाठवते, घड्याळ बघते आणि चहाचं आधण ठेवते.