मे महिन्याचं बिल होळीलाच कमी करा

भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या घरात गेला की कूलर रात्रंदिवस चालतो, आणि बिल हातात पडलं की घरात एकमेकांकडे बोटं दाखवली जातात. तेव्हा उशीर झालेला असतो. खरी कामं होळी ते आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) मधल्या दिवसांतली.

आधी बिल नीट वाचा. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतात. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० बरीच महाग, पुढे आणखी. म्हणजे २४० युनिटं वापरणाऱ्या घरानं २० वाचवली, तर ती महागड्या टप्प्यातली जातात. त्यांच्यावरचा वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, आणि १६ टक्के वीज शुल्कही सुटतं. स्थिर आकार मात्र घराला कुलूप असलं तरी भरायचाच, त्यावर डोकं तापवू नका.

मग मीटरपाशी जा. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजचा प्लगही काढा आणि मीटरवरचा लुकलुकणारा दिवा पाच-दहा मिनिटं बघा. तरीही लुकलुकतोय? सेट टॉप बॉक्स किंवा इन्व्हर्टर चालू राहिला असेल. तेही नसेल तर वायरिंगमध्ये गळती आहे; वायरमनला बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका.

आता गच्ची. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा इथंच आहे, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही. धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर ऊन वरच अडवायचा. आपला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो, म्हणून अकरा वाजताही पंखा गरमच वारा फेकतो. ऊन परतवायला गच्चीवर पांढरा चुना मारा. आधी गच्ची झाडून, धुऊन घ्या. कळीचा चुना लोखंडी पिंपात भरपूर पाण्यात थोडा थोडा टाका. तो उकळतो, उडतो, तेव्हा चेहरा लांब ठेवा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. रात्रभर मुरू द्या, सकाळी गाळून त्यात थोडा फेविकॉल घाला आणि कुंच्यानं दोन हात मारा, पहिला उभा, दुसरा आडवा. ऊन चढायच्या आत उरका. पावसात चुना धुपतो, त्यामुळे हे दरवर्षीचं काम. कुरडया वाळत घालताना खाली जुनी साडी अंथरा, नाहीतर चुना कुरडयांना लागेल.

कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेणं ही आपल्याकडची नेहमीची चूक. दमट हवा आतच कोंडते आणि अंग चिकचिकतं. कूलर खिडकीत बसवा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बोअरच्या पाण्याचे क्षार चढून गवत कडक झालं असेल तर बदला. २०० वॉटचा कूलर पाच तासांत एक युनिट घेतो. दीड टनाचा एसी तेवढं तासाभरात, कधी त्याआधीच, घेऊ शकतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा पुरे.

पंख्याचा हिशेबही करून बघा. जुना पंखा ७५ वॉटचा. १६ तास चालला तर रोज १.२ युनिटं. ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळात अर्ध्या युनिटाच्या आत राहतो. एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिटं वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो जास्त वेळ फिरतो तो आधी.

फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. एसी असेलच तर २४ अंशांवर ठेवा, सोबत पंखा लावा.

स्वतःची गच्ची असेल तर सौर पॅनलचाही विचार करा. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं. २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. उन्हाळ्यात धूळ फार बसते, पॅनल सकाळी गार असतानाच पुसा. पॅनलच्या सावलीतला स्लॅब फारसा तापत नाही, तेवढ्या भागावर चुना मारायचं कामही वाचतं.