‘उद्या’ला साक्षीदार शोधा
आज १०० रुपये घेणार की उद्या ११०? बरेच जण आजचे १०० उचलतात. तोच सवाल ‘३० दिवसांनी १०० की ३१ दिवसांनी ११०’ असा केला, तर त्यांतलेच अनेक जण एक दिवस थांबायला खुशीने तयार होतात.

कामाचंही तसंच. अहवाल लिहिण्याचा कंटाळा आज डोंगराएवढा वाटतो, सोमवारचा मात्र मोहरीएवढा. आणि सोमवार उजाडला की तोही ‘आज’च असतो! टेड ओ’डोनोह्यू आणि मॅथ्यू रेबिन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये यातली खरी गोम मांडली: चालढकलीची ओढ थोडीशीच असली, तरी ‘उद्या नक्की करीन’ या भाबड्या विश्वासापायी काम कितीतरी लांबतं.

तेव्हा स्वतःच्या शब्दावर विसंबू नका. मनातल्या मनात ठरवलेली तारीख मोडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. कामाचे तुकडे पाडा आणि पहिल्या तुकड्याची वेळ कुणाला तरी आत्ताच कळवून टाका: ‘गुरुवारी चारपर्यंत पहिली दोन पानं पाठवतो.’ माणूस असा निवडा, जो चार वाजून पाच मिनिटांनी फोन करेल. नवरा-बायको शक्यतो नकोच. ते एकतर सोडून देतात, नाहीतर भांडतात.